थ्रेड: एका गायिकेची कारकीर्द किती तबकड्यांत मावते?

१/
रॉब हॅलफर्ड हा हेवी मेटलमधील ज्येष्ठ गायक. त्याच्या ‘जुडास प्रीस्ट’ या ब्रिटिश बँडने २०२१ मध्ये पन्नास वर्षांच्या वाटचालीचा संच प्रसिद्ध केला. त्यात ४२ सीडी होत्या. सुरश्री केसरबाई केरकर या जयपूर-अत्रौली घराण्याच्या थोर गायिका. त्यांची कारकीर्द तीन दशकांहून मोठी, पण मागे उरल्या त्या मोजक्या तबकड्या. त्यांचे गुरू उस्ताद अल्लादिया खाँ यांची तर एकही तबकडी नाही. हा फरक केवळ यंत्रयुगाचा आहे का? हा थ्रेड त्या प्रश्नाविषयी. 🧵

२/
आरंभ शब्दापासून करू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटांचे संगीत मावत असे. मोठी रचना हवी असेल तर अनेक तबकड्या लागत, आणि त्या छायाचित्रांच्या वहीसारख्या बांधीव पुठ्ठ्यांत ठेवल्या जात. ‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो या वहीवरून. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली, तेव्हा एका बाजूवर वीसहून अधिक मिनिटे मावू लागली. वही गेली, शब्द राहिला.

३/
पुढे अनेक लाँग प्ले किंवा सीडी एका खोक्यात घालून विकण्याची पद्धत रूढ झाली. तो बॉक्स सेट. रॉक आणि हेवी मेटलमध्ये ही पद्धत विशेष फोफावली, कारण ते संगीत स्टुडिओत घडत होते. प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित होई. कच्चे मसुदे, बाजूला ठेवलेली गाणी, मैफलींची मुद्रणे असे सारे टेपवर कंपनीच्या कपाटात साठत गेले. गायक वयस्कर झाला की तेच कपाट उघडून त्याचा संच सिद्ध करता येतो.

४/
अशा संचाकडे पाहताना ‘येथे सर्व काही आहे’ असा भास होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने नेमके तेथेच थांबून विचारावे: कपाट कोणाचे होते? किल्ली कोणाकडे होती?

ऑझी ऑस्बर्नचे उदाहरण घेऊ. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला हा गायक. ‘ब्लॅक सबाथ’ या त्याच्या बँडची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली, आणि हेवी मेटलचा इतिहास बहुधा तेथूनच सांगितला जातो.

५/
१९७९ मध्ये ऑझीला बँडमधून काढले गेले. १९८० मध्ये त्याने ‘ब्लिझर्ड ऑफ ऑझ’ आणि १९८१ मध्ये ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ हे स्वतंत्र अल्बम केले. त्यांवर बास गिटार बॉब डेझलीची आणि ड्रम ली कर्सलेकचे होते. पुढे श्रेय आणि मानधन यांवरून वाद झाला, प्रकरण न्यायालयात गेले. २००२ मध्ये हे दोन्ही अल्बम पुन्हा बाजारात आले, तेव्हा त्या दोघांचे वादन पुसून तेथे दुसऱ्या वादकांचे नव्याने मुद्रित केलेले वादन बसवलेले होते.

६/
श्रोत्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली. २०११ च्या आवृत्तीत मूळ वादन परत आले. मधल्या नऊ वर्षांत दुकानातून नवी प्रत विकत घेणाऱ्याच्या हाती मात्र १९८० चे नाव आणि २००२ चे वादन असलेली वस्तू पडत होती. याच काळात, २००५ मध्ये, ऑझीचा ‘प्रिन्स ऑफ डार्कनेस’ हा चार सीडींचा संचही आला.

ऑझीचे निधन २२ जुलै २०२५ रोजी झाले. त्याच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला यापुढे ‘कोणत्या सालची प्रत?’ हे विचारावेच लागेल.

७/
तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या कोणत्याही संचाला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. यंत्रात किती मावत होते? मालकी कोणाची होती? आणि कलावंताने काय देण्यास नकार दिला?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. तिसरा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही, कारण नकाराची तबकडी निघत नाही. केसरबाईंची कारकीर्द समजून घ्यायची तर या तिसऱ्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. त्यासाठी आधी १९०२ च्या कलकत्त्यात जाऊ.

८/
१९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात उतरला. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची ही सुरुवात मानली जाते. मायक्रोफोन अद्याप आलेला नव्हता. कलावंत भोंग्यात तोंड घालून पूर्ण ताकदीने गात असे, आणि त्या कंपनांनी सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरत असे. मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात, तेथे प्रती तयार होऊन भारतात परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यातील सियालदह येथे कारखाना निघाला, तेव्हा हा फेरा संपला.

९/
गंमत अशी की तबकडीचा मुख्य कच्चा माल, म्हणजे लाख, भारताच्याच जंगलांतून जात होता. लाख येथली, आवाज येथला. यंत्र आणि मालकी मात्र परदेशी.

गौहर जान यांच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारतात. हॅनोव्हरमधील कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, लेबल चुकू नये, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता. साथीच्या सारंगियाला वा तबलजीला तशी संधी नव्हती. त्यांची नावे बहुतांशी हरवली.

१०/
सुरुवातीला भोंग्यासमोर आल्या त्यांत तवायफ, नायकिणी आणि कलावंतिणी ठळकपणे दिसतात. तथाकथित प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांना गाणे वर्ज्य होते. अनेक उस्तादांना आपली विद्या यंत्राच्या स्वाधीन करणे मान्य नव्हते. विद्या म्हणजे घराण्याची मिळकत. ती शिष्याला गंडा बांधून, वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर मिळायची. तबकडी मात्र दुकानात पैसे टाकणाऱ्या कोणाच्याही घरी जाऊन तीच चीज पुनःपुन्हा ऐकवणार होती.

११/
शिवाय वेळेची अडचण. ख्यालगायकीत राग हळूहळू उलगडतो. एका स्वरावर थांबून, त्याच्याभोवती फिरून, समेवर येण्याची प्रतीक्षा श्रोत्याला करायला लावून. तीन मिनिटांत हे सारे कसे बसवायचे? कलावंतांनी तोडगा काढला: लय वाढवली, आलाप आटोपता घेतला, तानांना लवकर सुरुवात केली. म्हणून ७८ फेऱ्यांच्या तबकडीवरून त्या काळची मैफल कशी असेल याचा थेट अंदाज बांधणे धोक्याचे ठरते. ती मैफलीची चणी आवृत्तीही नव्हे. तो वेगळाच घाट आहे.

१२/
आता केसरबाई. जन्म १३ जुलै १८९२, गोव्यातील केरी गाव. जन्म कलावंत समाजातला. या समाजातील स्त्रियांकडे देवळातील आणि यजमानांच्या घरची गायनसेवा परंपरेने होती. गाणे त्यांच्या घरात होते, पण कोठे, कधी, कोणासमोर गायचे हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे क्वचितच होता. मोगूबाई कुर्डीकर, अंजनीबाई मालपेकर याही गोमंतकाच्याच. विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताचे या स्त्रियांवरील ऋण मोठे आहे.

१३/
केसरबाईंनी बालपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिक्षण घेतले. पुढे गोव्यात रामकृष्णबुवा वझे यांची तालीम मिळाली. मग मुंबई, तेथे बरकतुल्ला खाँ, भास्करबुवा बखले. गुरू मिळत, आणि काही काळाने शिक्षण खंडित होई. अखेर १९२१ मध्ये अल्लादिया खाँ यांनी त्यांना शिष्या म्हणून स्वीकारले. तेव्हा त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे गुरुशिष्यनाते टिकले.

१४/
अल्लादिया खाँ यांची गायकी पेचदार. अनवट आणि जोडरागांचे भांडार, विलंबित लय, अखंड आकार, आणि तालाच्या मात्रांशी गुंफत जाणारी बुद्धिनिष्ठ तान. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा मूळ आवाज गेला आणि उरलेल्या आवाजातून त्यांनी ही गायकी घडवली, असे परंपरा सांगते. एवढ्या मोठ्या कलावंताने ध्वनिमुद्रण केले नाही. त्यांची गायकी आज ऐकायची तर शिष्यांच्या गळ्यातूनच: केसरबाई, मोगूबाई आणि खाँसाहेबांच्या पुत्रांकडे शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर.

१५/
१९३० च्या सुमारास केसरबाई व्यावसायिक मैफलींत स्थिरावल्या. संस्थानिक, धनिक, जाणकार असा त्यांचा श्रोतृवर्ग होता. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. ‘सुरश्री’ ही उपाधी तर नावाचाच भाग झाली. इतक्या कीर्तीच्या गायिकेने एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी मोजक्याच तबकड्या केल्या. आपले गाणे कोणत्या रूपात लोकांपुढे जावे, याबाबत त्या अत्यंत काटेकोर होत्या.

१६/
त्यांच्या तबकड्यांत ललत, तोडी, नट कामोद, ललिता गौरी, भैरवी असे राग भेटतात. ऐकताना तीन मिनिटांची चौकट जाणवते, पण घाई जाणवत नाही. पहिल्याच आवर्तनात खुला, भरदार आकार लागतो आणि तान सुरू झाली की ती श्वासाच्या शेवटापर्यंत एकसंध जाते. मात्र त्यांची विलंबित बढत, म्हणजे ज्यासाठी मैफलीत जाणकार तासन्‌तास बसत, ती या चौकटीबाहेर राहिली.

१७/
येथे हिराबाई बडोदेकर यांची तुलना उपयोगी पडते. त्याही त्याच पिढीच्या. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर जलसे केले, अनेक तबकड्या दिल्या, आणि शालीन वेशभूषेने व व्यासपीठावरील वावराने गाणाऱ्या स्त्रीला मध्यमवर्गात प्रतिष्ठा मिळवून दिली. हिराबाईंनी यंत्राला जवळ करून जे साधले, ते केसरबाईंनी यंत्राला अंतरावर ठेवून साधले. दोन्ही वाटा सन्मानाकडेच जाणाऱ्या होत्या.

१८/
त्या काळचा कायदा पाहिला की हे अंतर अधिक स्पष्ट होते. तबकडीवरील स्वामित्वहक्क ती तयार करणाऱ्या कंपनीचा असे. गाणाऱ्याला तिच्या सादरीकरणावर कायदेशीर हक्क नव्हता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ‘सादरकर्त्याचा हक्क’ आला तो १९९४ च्या दुरुस्तीने. २०१२ च्या दुरुस्तीने त्याला नैतिक हक्कांची जोड मिळाली. केसरबाईंच्या हयातीत यातले काहीच नव्हते. एकदा आवाज मेणावर उमटला की तो कंपनीचा.

१९/
म्हणजे केसरबाईंपाशी एकच अधिकार उरत होता: भोंग्यासमोर, मायक्रोफोनसमोर न बसण्याचा. ज्या समाजातील स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या आज्ञेने गायले, त्या समाजातील एक स्त्री ‘एवढेच देईन, याहून अधिक नाही’ असे म्हणू शकली, हा सामाजिक इतिहासातला मोठा टप्पा मानला पाहिजे. तिच्या तबकड्यांची अल्प संख्या ही केवळ उणीव म्हणून वाचली, तर हा अर्थ हातून निसटतो.

२०/
या नकाराची किंमतही होती, आणि ती पुढच्या पिढ्यांनी मोजली. केसरबाईंनी शिष्य जवळजवळ केलेच नाहीत. धोंडूताई कुलकर्णी यांच्यासारखा एखादाच अपवाद. नमिता देवीदयाल यांच्या ‘द म्युझिक रूम’ (२००७) या पुस्तकातून तो वारसा नव्या वाचकांपर्यंत पोहोचला. धोंडूताई २०१४ मध्ये गेल्या. तबकडीही नाही आणि शिष्याही नाही, अशा ठिकाणी काही रागरूपे, काही चिजांची वळणे कायमची विझतात. सन्मान राखला गेला, पण ठेवा आक्रसला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत.

२१/
आणि तरीही मानवी इतिहासातील सर्वांत दूर गेलेल्या आवाजांपैकी एक केसरबाईंचा आहे. १९७७ मध्ये ‘नासा’च्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवण्यात आली. कार्ल सेगन यांच्या समितीने तीवर जगभरच्या संगीताचे २७ नमुने घेतले. भारताचा एकच: केसरबाईंची भैरवी, सुमारे साडेतीन मिनिटांची. रॉक संगीताचाही एकच, चक बेरीचा. ५५ भाषांतील शुभेच्छांत मराठीही आहे.

२२/
संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी या भैरवीचा आग्रह धरला होता. पण तबकडी मिळेना. ती बाजारातून नाहीशी झालेली. शेवटी समितीतील अ‍ॅन ड्रूयन यांना न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवरील एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या धुळकट खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. त्या दुकानदाराने जुना माल काढून टाकला असता, तर अंतराळात भारताचा आवाज दुसराच कोणता तरी गेला असता. ठेव्याचे भवितव्य कधी कधी इतक्या बारीक धाग्यावर लोंबकळत असते.

२३/
व्हॉयेजर-२ चे उड्डाण २० ऑगस्टला, व्हॉयेजर-१ चे ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. व्हॉयेजर-१ ने २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. आज ते पृथ्वीपासून २,५०० कोटी किलोमीटरांहून दूर आहे. ज्या गायिकेने आपला आवाज दुकानांतून फारसा फिरू दिला नाही, तो आवाज ताऱ्यांमधल्या पोकळीतून प्रवास करतो आहे.

२४/
वर्तुळ पुन्हा बॉक्स सेटपाशीच येते. व्हॉयेजरच्या तबकडीची ४० वर्षांनिमित्तची विनाईल आवृत्ती २०१७ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्सने देखण्या संचाच्या रूपात काढली. २०१८ मध्ये तिला ‘बॉक्स सेट वा विशेष मर्यादित आवृत्ती’ या विभागातील ग्रॅमी मिळाले. त्या खोक्यात केसरबाई आहेत, साडेतीन मिनिटांपुरत्या. नासाच्या यादीत नावही त्यांचेच आहे. सारंगी-तबल्याच्या साथीदारांची नावे तेथेही नाहीत. ऑझीच्या वादकांना पुसावे लागले. यांची नोंदच झाली नव्हती.

२५/
आता हाच प्रश्न घराजवळ आणू. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुका. येथला गाण्याचा इतिहास तबकडीवर नाही. तो भजनी मंडळांत, दंडारीत, खंजिरीच्या तालावर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) खंजिरी भजने विदर्भात घरोघरी गेली ती लोकांच्या कंठातून आणि हातांनी उतरवलेल्या वह्यांतून. १९४२ चा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरचा उठाव त्या भजनांशिवाय सांगताच येत नाही. येथे ठेवा गावाने सांभाळला. कंपनीचे कपाट लागले नाही.

२६/
पण वही जीर्ण होते आणि गाणारे म्हातारे होतात. आज प्रत्येक खिशात असे यंत्र आहे की ज्यात तीन मिनिटांची अट नाही आणि हॅनोव्हरची वारी नाही. त्यामुळे मुद्रण कसे करावे हा प्रश्न सुटला आहे. उरले आहेत ते इतर दोन: मालकी आणि संमती.

२७/
म्हणून गावातील एखाद्या जुन्या भजनी गायकाचे मुद्रण करताना तीन गोष्टी पाळाव्यात. एक, दिनांक, गाव आणि प्रसंग मुद्रणातच बोलून ठेवावेत. गौहर जान यांनी हे शिकवले. दोन, खंजिरी, टाळ, पेटी, मृदंग वाजवणाऱ्या प्रत्येकाचे नाव नोंदवावे. तीन, ते कोठे ऐकवायचे हे गाणाऱ्याला आधी विचारावे. तो ‘नको’ म्हणाला, तर त्या नकाराचीही नोंद ठेवावी आणि मोबाईल खाली ठेवून गाणे ऐकावे.

(समाप्त)